पाचव्या मडक्यातली मूठ

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही हो! आमच्या लॅबच्या कोपऱ्यात एक कपाट होतं. फुटका बीकर, वाकडा स्टँड, बूच हरवलेली बाटली, जे दिसेल ते "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून आत ढकलायचं. मग एक दिवस कोणीतरी दार उघडायचं आणि सगळं पायावर! परवा माझं तसंच झालं.

शेवंती तांडेलच्या नव्या वखारीची पूजा होती. खाऱ्या माशांची वखार. त्यामुळे सत्यनारायणाच्या शिऱ्यालाही बांगड्याचा वास. शेवंतीची थोरली बहीण जानकी मुंबईहून आली होती. ती तिकडे माशांच्या संशोधनात आहे, मोठ्या प्रयोगशाळेत. आरती संपते न संपते तोच ह्या दोघी चारचौघांत भांडायला लागल्या.

"पाच वर्षां झाली! आता निकाल लाव!" जानकी आईला म्हणाली.

"निकाल कसलो मागतंस? ही वखार दिसणा नाय तुका?" शेवंती फणकारली.

आणि त्यांची आई, भागाबाय, पानाला चुना लावत शांतपणे म्हणाली, "घाई कित्याक? अजून मडका उघडूचा नाय!"

पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी मात्र असा हसलो की हातातला द्रोण कलंडला. बायको म्हणाली, "अहो, लोक बघतायत." बघू देत! त्या मडक्यापायी माझे अर्धे केस पांढरे झाले आहेत. आता ऐकाच.

*

मी परुळेकर. तेव्हा आमच्या कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे सरांनी शिकवायचं, मुलांनी शिकायचं आणि फुटलेल्या काचा मी गोळा करायच्या.

कॉलेज नवंकोरं. गोवा मुक्त होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आमचा भाग म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याचं शेपूट. इमारत म्हणजे जुन्या शाळेचा मागचा भाग आणि लॅब म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. उन्हाळ्यात आत इतकं तापायचं की बर्नर पेटलाय की नाही ते हात लावल्याशिवाय कळायचं नाही.

त्यात विद्यापीठाचं पत्र आलं. सायन्सच्या डिग्रीच्या वर्गाला दिलेली परवानगी तात्पुरती आहे. शिमग्याच्या आधी कमिटी येईल, बघेल. पसंत पडलं तर शेवटचं वर्ष इथे सुरू होईल. नाही पडलं तर वर्ग बंद आणि मुलांनी कोल्हापूर गाठायचं.

वर्गात बारा मुलं. अकरा जणांना कोल्हापूर म्हणजे त्रास होता. बाराव्या मुलीला मात्र तो पूर्णविराम होता. ती जानकी. बाप लहानपणीच गेलेला, आई बाजारात मासे विकायची, धाकटी शेवंती सातवीनंतर शाळा सोडून आईच्या हाताखाली. पत्राची बातमी बाजारात पोचल्याबरोबर भागाबाय टोपलीसकट प्रिन्सिपॉलच्या खोलीत आली.

"साहेबानु, हंय वर्ग आसा तवर माझा चेडू, जानकी, शिकतला. कोल्लापुराक मी धाडूचंय नाय. वर्ग बंद झालो तर पावसाच्या आधी लगीन लावन टाकतंय. स्थळ इलेला आसा."

एवढं बोलून टोपली डोक्यावर घेऊन ती गेलीसुद्धा. प्रिन्सिपॉल घाम पुसत बसले.

जानकी वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी! मला रात्रंदिवस एकच धास्ती. कमिटी नाराज झाली तर माझीही नोकरी जाणार होती हे खरं, पण ती पोरगी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

*

आमचे आगाशे सर पुण्याचे. मुंबईत संशोधन करत होते ते सोडून इकडे आले. का आले ते कोणाला कळलं नाही. काही जण म्हणत माशांसाठी. पण पहिल्याच आठवड्यात काटा घशात अडकला, तेव्हा तेही कारण बाद झालं.

सरांचा एकच शब्द. "कशावरून?" मुलगा म्हणाला हे आम्ल आहे, सर म्हणणार, "कशावरून?" मी म्हणालो आज शनिवार आहे, सर म्हणणार, "कशावरून?" भिंतीवरचं कॅलेंडर दाखवायला लागायचं!

पहिल्या तासाला त्यांनी टेबलावर कोकमाच्या आगळाची बाटली ठेवली. "हे आंबट आहे. कशावरून?"

पास्कू फर्नांडिस उठला. हा आरोंद्याचा. वडिलांची बागायत आणि खाडीवर एक होडी. "चाखून, सर!"

"आणि चाखायची सोय नसेल तर?"

पास्कूने जरासुद्धा वेळ घेतला नाही. "दुसऱ्याक चाखूक सांगूचा!"

सगळा वर्ग हसत सुटला. मी डोळे वटारले. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "शाबास. तू धंद्यात नाव काढशील. आता विज्ञानाचं बघू." आणि आगळात धुण्याचा सोडा टाकला. लालभडक रस एका क्षणात काळानिळा! मुलं बाकांवर चढली.

त्याच दिवशी सरांनी नियम केला. प्रत्येकाने वर्षभर एक प्रश्न धरायचा, आपल्या घरातला, आपल्या गावातला. पुस्तकात उत्तर असेल तो प्रश्न चालणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं 'कशावरून?' आणि शेवटच्या पानावर लिहायचं 'कोण घेईल?'

"म्हणजे काय सर?" मी विचारलं.

"म्हणजे परुळेकर, ह्यातली काही मुलं संशोधन करतील, काही कारखाना काढतील. दोघांनाही दोन्ही पानं लागतात. मधली पानं आपोआप भरतात."

आपोआप कसली! मधली पानं तपासायला मी होतो ना!

*

प्रयोग म्हटले की डिस्टिल्ड वॉटर आलं. ते मुंबईहून यायचं, बोटीने. बंदरावर येईपर्यंत निम्म्या बाटल्या फुटायच्या. पास्कू म्हणाला, "सर, माझ्या काकाकडे तांब्याचा भाण आसा."

भाण म्हणजे काजूची दारू गाळायचं मोठं भांडं! आणि आमच्याकडे कडक दारूबंदी. काकाने ते पोलिसांच्या भीतीने माडाच्या मुळाशी पुरून ठेवलेलं. सर म्हणाले, "उकरा."

आमचा लॅबचा शिपाई भिकाजी. त्याने ते भांडं राखेने घासलं, चिंचेने घासलं, मडक्याला नळी जोडली, आणि इतक्या सराईतपणे चूल पेटवली की सरांनी विचारलं, "भिकाजी, तुला हे कसं येतं?"

"सर," भिकाजी खाली बघत म्हणाला, "ता 'कशावरून' ह्या बाबतीत नको!"

पहिले चार दिवस त्या पाण्याला असा काही सुगंध यायचा की लॅबमध्ये कधी न दिसणारे कॉमर्सचे प्राध्यापकसुद्धा डोकावून जायचे. पाचव्या दिवशी जमादार आला, दोन शिपाई घेऊन. कोणीतरी खबर दिली होती.

"काय गाळताय?"

"पाणी," सर म्हणाले.

"कशावरून?" जमादार म्हणाला.

अहो, सरांचा चेहरा असा काही खुलला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांचा प्रश्न त्यांना परत केला होता. त्यांनी ग्लास भरून पुढे केला. जमादाराने वास घेतला, एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग सगळा ग्लास संपवला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "ह्याका काय चवच नाय!"

"हेच लिहून द्या," सर म्हणाले आणि कागद पुढे केला.

जमादाराने खरंच लिहून दिलं. 'सदर पाण्यास कोणतीही चव अगर वास नाही.' खाली सही, शिक्का. ते सर्टिफिकेट आम्ही फ्रेम करून लॅबच्या दारावर लावलं. मी त्या दिवशी संध्याकाळी देवाला नारळ वाढवला. तुरुंगात जाणारा पहिला डेमॉन्स्ट्रेटर होता होता वाचलो.

*

पास्कूचा प्रश्न काजूच्या टरफलांचा. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांतून टरफलं निघायची, ती जळणात जायची. त्यातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात हे सगळ्यांना ठाऊक. पास्कू म्हणाला, "कातडी सोलवटता, मगे लाकूड पोखरणाऱ्या किडीचा काय होईत?" होडीच्या तळाला कीड लागते, त्यावर हे तेल द्यायचं. जुनी माणसं देतच होती, पण खरंच उपयोग होतो का, ते कोणी बघितलं नव्हतं.

त्याने तेल काढलं. दोन आठवडे हाताला फडकी बांधून फिरत होता. मग एका रविवारी आरोंद्याला जाऊन बापाच्या होडीला तेल चोपडलं.

सोमवारी बाप कॉलेजात हजर! "मास्तर खंय आसा?"

सर पुढे झाले.

"तुमी माझ्या झिलाक काय शिकवतास? होडयेक तेल लावल्यान, पण अर्ध्या होडयेक! डावी बाजू काळी, उजवी कोरी! गाव हसता! विचारलंय तर म्हणता, 'बापाय, सगळ्या होडयेक लावलंय तर फरक कळतलो कसो?' माका फरक नको, माका होडी होई!"

सर म्हणाले, "तुमचा मुलगा बरोबर आहे. एक बाजू न लावता ठेवावीच लागते."

"मगे शेजाऱ्याच्या होडयेक ठेवूची! आमचीच कित्याक?"

पण बापाने आदळआपट करूनही होडी तशीच ठेवली. काही महिन्यांनी ती उलटी करून बघितली. डावी बाजू टणक. उजवीत बोट घातलं की आत जायचं. पास्कू आनंदाने नाचत, वही घेऊन बापाला मिठी मारायला गेला.

"शिरा पडली तुझ्या कॉलेजार!" बाप ओरडला. "ह्याय बाजूक लावलं आसतस तर होडी वाचली आसती!"

भिकाजीने ही गोष्ट बाजारभर केली. मासळीच्या ओट्यांवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. लोक मुद्दाम आरोंद्याला अर्धी होडी बघायला जायचे. भागाबायही जाऊन आली म्हणे. तिने होडीला चारही बाजूंनी फेरी मारली, दोन्हीकडे बोट घालून बघितलं आणि परत बाजारात येऊन बसली. ते तेव्हा आमच्या कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

*

जानकीचा प्रश्न लाल बांगड्यांचा.

बांगडा मिठात घालून मडक्यांत भरून ठेवतात, पावसाळ्यासाठी. पण काही मडक्यांत काही दिवसांनी मासा गुलाबी होतो, मग लाल, मग चिकट. खारेपाटणचा व्यापारी असा माल बघितला की टोपली पायाने सरकवायचा. भागाबायचा निम्मा माल कधी कधी असा जायचा. तिचं म्हणणं, कोणाची तरी दृष्ट लागते. ती मडक्यांवरून मिरच्या ओवाळायची.

"दृष्ट. कशावरून?" सर म्हणाले.

जानकी म्हणाली, "सर, मला वाटतं ते मिठातून येतं. मिठागरात शेवटी शेवटी पाणी लाल होतं, ते मी बघितलंय. तोच रंग." मुलीने नेमकं धरलं होतं! सरांनी ह्यावर 'कशावरून?' विचारलंच नाही. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी दाद.

आता मिठातले जंतू वाढवून बघायचे तर जेलीसारखं गोठणारं अगार हवं. ते आणायचं कुठून? सरांनी शोधून काढलं की चायना ग्रास म्हणजे तेच. वाण्याकडे मला पाठवलं. वाण्याने एवढं चायना ग्रास एकदम कधी विकलं नव्हतं.

"लगीन आसा काय मास्तर?"

"नाही. माशांच्या रसात घालायचंय."

वाण्याने तराजू खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "घरात सगळी बरी आसत मा?"

माशांचा रस, चायना ग्रास आणि मूठ मूठ मीठ! ऊब हवी म्हणून लाकडी पेटीत कंदील लावून बशा ठेवल्या. दोन आठवड्यांनी मिठागरातल्या ताज्या मिठाच्या बशीत लाल ठिपके. जंतू मरावेत म्हणून भाजलेल्या मिठाच्या बशीत काही नाही. जानकी पेटीसमोर उकिडवी बसून हसत होती आणि डोळे पुसत होती. वास असा सुटला होता की शेजारच्या खोलीतला संस्कृतचा वर्ग झाडाखाली हलवावा लागला.

*

आता खऱ्या मडक्यांत करून बघायचं होतं. पास्कूने घरची काजू भाजायची मोठी कढई आणली. पहिलं मीठ काळं आणि कडू झालं. कढई चार वेळा उकळून घेतल्यावर जमलं. मासे भागाबायचे, मडकी भागाबायची, आणि मासे भरायचे तेही तिनेच. कारण थर कसा लावायचा, किती दाबायचा, हे तिच्या हाताला माहीत. थर लावून होईपर्यंत जानकी शेजारी बसून लिहून घ्यायची, मग मीठ भाजायला पळायची.

सहा मडकी. पहिल्या तिनांत रोजचं मीठ, पुढच्या तिनांत भाजलेलं. तोंडं फडक्यांनी बांधून पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. नाताळच्या सुट्टीआधी उघडली.

सहाच्या सहा लाल!

जानकी मटकन खालीच बसली. मीही बसलो असतो, पण स्टूल पास्कूने घेतलं होतं. कमिटीला दाखवण्यासारखं आमच्याकडे हे एकच होतं हो! भांड्यांनी आणि इमारतीने कोण खूश होणार होतं?

सर म्हणाले, "बशीत लाल होत नाही, मडक्यात होतं. काय वेगळं आहे?"

जानकी घरी गेली. आईला एकेक गोष्ट पहिल्यापासून करून दाखवायला लावली. थर लावले, दाबले, आणि शेवटी भागाबायने सवयीने कोपऱ्यातल्या गेल्या वर्षीच्या मडक्यात हात घातला, जुन्या मिठाची एक मूठ घेतली आणि नव्या मडक्यात टाकली.

"आये! ह्या काय?"

"काय म्हणजे? बरकतीची मूठ! माझी सासू घाली, तिची सासू घाली. जुन्यातला नव्यात गेला नाय तर घरात पुरवठो रवाचो कसो?"

"दर मडक्यात घालतंस?"

"मगे? एकाक घालू आणि एकाक उपाशी ठेवू?"

मुलीने डोक्याला हात लावला. विरजण लावावं तसा लाल रंग वर्षानुवर्षं ह्या मडक्यातून त्या मडक्यात जात होता, आणि लावत होती ती बिचारी सासूच्या मायेने!

मग घरात जे झालं ते भिकाजीने सांगितलं, म्हणजे सगळ्या गावाला कळलं. मायलेकी दोन दिवस बोलत नव्हत्या. भागाबाय म्हणे, माझ्या सासूक खोटी पाडतंस? शेवटी शेवंतीने तोडगा काढला. ती म्हणाली, "आये, तिचा खरा निघाला तर खारेपाटणवालो टोपली परत धाडूचो नाय. मी स्वता जाऊन त्येका इकतंय. बघ तरी एकदा!"

वहीच्या शेवटच्या पानावर 'कोण घेईल?' च्या खाली जानकीने त्या दिवशी लिहिलं, 'शेवंती विचारून येईल.'

संक्रांतीनंतर भागाबायच्या घरी पुन्हा सहा मडकी भरली. नवी कोरी, उकळत्या पाण्याने धुतलेली. भागाबायने मूठ घालणार नाही असं कबूल केलं. जानकी मीठ भाजत होती, म्हणून मी स्वतः समोर उभा होतो. मध्ये भिकाजीने चहाला बोलावलं तेवढाच काय तो पाच मिनिटं बाहेर गेलो.

*

शिमग्याच्या आधी आठ दिवस कमिटी आली. तिघे जण. अध्यक्ष धिप्पाड, कोट घातलेले, बोटीने अंगात आलेली मळमळ चेहऱ्यावर तशीच. आल्या आल्या त्यांनी शेडच्या पत्र्याकडे बघितलं, कंदिलाच्या पेटीकडे बघितलं, जमादाराचं सर्टिफिकेट दोनदा वाचलं. हसले नाहीत.

आदल्या दिवशी मी सरांच्या हातापाया पडलो होतो. "सर, मडकी एकदा उघडून बघू. काही गडबड असेल तर निदान कळेल." सर म्हणाले, "आधी बघून ठेवलं तर ते नाटक झालं, परुळेकर. प्रयोग त्यांच्यासमोरच उघडायचा." अशा माणसाखाली नोकरी करायची म्हणजे काळीज दगडाचं हवं!

पास्कूचा लाकडाचा तुकडा दाखवून झाला. अध्यक्षांनी नुसतं "हं" केलं. मग जानकी मडक्यांपाशी उभी राहिली. दारात भागाबाय, पदर कमरेला खोचून. तिच्यामागे शेवंती टोपली घेऊन.

जानकीने शुद्ध मराठीत सगळं नीट सांगितलं. रोजचं मीठ, भाजलेलं मीठ, बशा, पेटी. मग फडकी सोडायला लागली.

पहिलं मडकं, लाल. दुसरं, लाल. तिसरं, लाल. ही रोजच्या मिठाची. बरोबर.

चौथं. पांढराशुभ्र बांगडा!

पाचवं. लाल!

सहावं, पांढरं.

पण पाचवं लाल, ते लालच! अध्यक्ष वाकले, बघितलं, सरळ झाले. "भाजलेल्या मिठातही लाल होतंय. म्हणजे मीठ हे कारण नव्हे. तुमचा सिद्धान्त इथे संपला, नाही का?"

मी सरांकडे बघितलं. काहीतरी बोला हो! सर पाचव्या मडक्यात डोकावत होते. दोन्ही हात पाठीमागे. भिकाजी देवाचं नाव घेत होता. जानकीचा चेहरा पांढरा पडला, अगदी त्या चौथ्या मडक्यातल्या बांगड्यासारखा. तिचं शिक्षण, कोल्हापूर, ते इलेलं स्थळ, सगळं त्या पाचव्या मडक्यात!

मग ती हळूच म्हणाली, "सर, एक मिनिट. मला एक प्रश्न विचारायचा आहे." आणि दाराकडे वळली.

"आये, ह्या मडक्यात मूठ घातलंस?"

भागाबायने पदर सावरला. "घातलंय."

"कधी?"

"परुळेकर मास्तर चाय पियाक गेले तेव्हा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"अगो, तू कबूल केललंस मा? घालूचंय नाय म्हणान?" जानकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

अध्यक्षांनी विचारलं, "कसली मूठ?" जानकीने कसंबसं सांगितलं. जुनं मीठ, सासू, बरकत. अध्यक्ष भागाबायकडे वळले. आता ते खरोखरच चिडले होते. "बाई, मुलीचा प्रयोग तुम्ही बिघडवलात. आणि घालायचीच होती तर तिन्ही मडक्यांत का नाही घातलीत? एकातच का?"

भागाबायने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं बाजारात शिळा मासा ताजा म्हणून मागणाऱ्याकडे बघतात.

"साहेबानु, तिनांत घातली आसती तर तिनय लाल. एकातय घातली नसती तर तिनय पांढरे. मगे माझी सासू खरी की माझा चेडू खरा, ह्या माका कळला आसता कसा? पास्कूच्या बापसाची होडी मी बघलंय मा!"

अध्यक्ष खुर्ची ओढून खाली बसले. खिशातून रुमाल काढला. मला वाटलं घाम पुसतायत. पण ते हसत होते! खांदे गदागदा हलत होते. त्यांच्या शेजारचे सभासद त्या तीन पांढऱ्या-लाल मडक्यांकडे टक लावून बघत राहिले आणि अध्यक्षांना म्हणाले, "सर, हे तर आपण स्वतः सांगायला हवं होतं, करा म्हणून."

आगाशे सर पहिल्यांदा बोलले. "मलाही सुचलं नाही."

अध्यक्षांनी फाईल मागवली. तिथेच, खाऱ्या बांगड्यांच्या वासात, मडक्याच्या टेबलावर फाईल ठेवून सही केली. "शेवटचं वर्ष इथेच सुरू करा. भांडी मी पाठवायला लावतो. चायना ग्रासही पाठवतो."

हुश्श! पास्कूने भिकाजीला उचललं. प्रिन्सिपॉल दाराबाहेर जाऊन नाक शिंकरून आले. जानकी आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि भागाबाय तिला म्हणत होती, "रडतंस कित्याक? तूच खरी निघालंस मा? सासू गेली, आता तिका वायट वाटाचा नाय."

निघताना अध्यक्ष जानकीपाशी थांबले. "बी.एस्सी. झालीस की मुंबईला ये. संशोधनाला अशी मुलं हवीत आम्हाला. तुझ्या आईने पाठवलं पाहिजे मात्र."

जी बाई कोल्हापूरला पाठवत नव्हती, ती मुंबईला? सगळे भागाबायकडे बघायला लागले. तिने जानकीकडे बघितलं. मग मागे वळून शेवंतीकडे बघितलं. शेवंतीच्या टोपलीत त्या पांढऱ्या बांगड्यांचा नमुना होता, दुसऱ्या दिवशी खारेपाटणला न्यायचा. भागाबाय कधी एकीला न्याहाळत होती, कधी दुसरीला. मग टेबलावरच्या सहा मडक्यांवरून तिने सावकाश नजर फिरवली.

"धाडतंय," ती म्हणाली. "एकीक मुंबैक धाडतंय, एकीक हंय ठेवतंय. पाच वर्षांनी बघूया!"

शेवंतीच्या हातातली टोपली धाडकन खाली पडली.

"गे आये! मगे मी खंयच्या मडक्यातली?"